दावं तोडून पळालं गं

भागूबाई : मी शिवी दिलीच नाय. मी हालेलूया म्हणले.

सांडू : रामकिसन तूपवाल्याला?

भागूबाई : व्हय. उद्या पोरीचं लग्न, आन त्यानं तुपात रताळं कुस्करून घातलंय. बोटानं चाखलं तर गोडसर. मंग मी काय त्याची आरती करू?

सांडू : अगं, तो डबा टाकून पळाला. डबा इथं, टोपी इथं, आन रामकिसन पार दौलताबादच्या रस्त्याला लागला. मी टांगा घेऊन येत व्हतो तर मला म्हणतो, "सांडूभाऊ, तुझ्या घरात हालेलूया सुटलंय, जपून जा."

भागूबाई : देवाची स्तुती ऐकून जो पळतो त्याच्याच मनात खोट असती.

सांडू : स्तुती? "तुझ्या सात पिढ्यांच्या हालेलूयात हालेलूया" ही कुठली स्तुती, भागे? आख्ख्या पडेगावाला ठाऊक झालंय कुठल्या हालेलूयाच्या जागी काय बसतं ते. शेजारच्या जैतुनबीची नातवंडंबी शिकली. परवा एकानं दुसऱ्याचा भवरा पळवला, तर दुसरा म्हणतो, "ठहर, हालेलूया के!"

भागूबाई : मंग जाऊन पाळकसाहेबांना इचारा. त्यांनीच सांगितलं, "भागूबाई, वाईट शब्द जिभेवर आला की तो गिळायचा आन त्याच्या जागी देवाची स्तुती म्हणायची." मी मुकाट ऐकलं. आता स्तुती लई व्हायला लागली त्याला माझा काय इलाज? माणसंच तशी भेटतात.

सांडू : शब्द बदललास, पण डोळे तसेच वटारतीस ना तू. गेल्या रविवारी देवळात साहेब स्वतः म्हणले, "सर्वांनी म्हणा, हालेलूया," तर मागच्या बायका तोंडाला पदर लावून खीखी करायल्या. साहेब बिचारे सारखे आपल्या कोटाची बटणं तपासत व्हते.

भागूबाई : तुम्ही हसला नसाल.

सांडू : मी ढोलकीआड व्हतो.

भागूबाई : बघा! नवराच असा, मंग दुनियेला काय बोलायचं. आन ऐका, ढोलकीच्या दोरीवरनं आठवलं. त्या रेडकाचं दावं बदला आधी. सुंभ झिजून पार धागा ऱ्हायलाय. उद्या मांडवात घुसलं तर नवरीच्या आधी तेच पाटावर बसंल.

सांडू : बदलतो. ढोलकीची दोरी ओढून झाली की बदलतो. पण तू विषय बदलू नको. उद्या हालेलूयासुद्धा नको. उद्या कायच नको. विहीणबाईंची अट ध्यानात हाय ना?

भागूबाई : ध्यानात? छातीवर पाटा ठिवावा तशी ठिवलीय ती अट. "लग्नात नवरीच्या आईनं तोंड उघडायचं नाय. पंगतीत विहिणीची गाणी म्हणायची नायत. एक ओळ जरी माझ्या कानावर आली तर वऱ्हाड उठवून गंगापूरला घेऊन जाईन." असा हुकूम ठाण्यातला अमीनसाहेब चोराला सोडत नाय!

सांडू : हळू बोल. वऱ्हाड आलंय. मिशनच्या शाळेत उतरलंय.

भागूबाई : सोयरीक जुळवाया तिचा दीर आला, नानासाहेब. साखरपुड्यालाबी तोच. बाईनं अजून आपलं दार बघितलं नाय, माझं तोंड बघितलं नाय, आन त्या तोंडाला कुलूप! का? मी तिचं काय खाल्लं?

सांडू : असंल काहीतरी.

भागूबाई : पंगतीत विहिणीला गाण्यातून चिमटे काढायचे हा आपल्याकडचा शिरस्ता. आपल्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तवा देव बदलला, शिरस्ता कुठं बदलला? पाळकसाहेबबी म्हणले, थट्टा चालंल, ओंगळ नको. खुलताबादपासून गंगापूरपोत्तर कुणाबी ख्रिस्ती माणसाच्या घरी लग्न निघू द्या, आधी पाळकाला सांगावा जातो आन मंग मला. भागूबाई गायली नाय तर लोकांना भात उतरत नाय. दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात गाऊन गाऊन माझा घसा गेला, किती विहिणी मी रडवल्या—

सांडू : हसवल्या.

भागूबाई : हसवल्या. तेच म्हणतीय. आन माझ्या पोटच्या पोरीच्या लग्नात मी मुक्यावानी वरण वाढत फिरू?

सांडू : फिर. सुवार्तासाठी फिर.

भागूबाई : तिच्यासाठीच तर गप हाय. काल माझ्या मांडीवर डोकं ठिवून रडली. म्हणली, "आये, एक दिवस. फक्त एक दिवस जिभंला आवर." माझं काळीज तुटलं हो. पोरगी माझ्यावर नाय गेली हे देवाचे उपकार. शिमोन चांगला पोरगा हाय, तिला जपंल. माझ्या तोंडापायी ते मोडलं तर मी जित्ती ऱ्हायची नाय.

सांडू : मंग झालं तर.

भागूबाई : पण गाणं तयार झालंय.

सांडू : भागे!

भागूबाई : मी नाय केलं! हळद दळताना आपोआप आलं. आता ते पोटात बसलंय. तुम्हाला एकदा म्हणून दाखवते, म्हंजे निघून जाईल.

सांडू : नको.

भागूबाई : "गंगापूरची विहीण आली छकड्यात बसून गं, बैल म्हणती, चाक मोडलं, जा तू उतरून गं!"

सांडू : पुरे! कुणी ऐकंल.

भागूबाई : हसलात!

सांडू : नाय.

भागूबाई : हसलात, मिशी हलली तुमची!

सांडू : हसलो. म्हणून तर भीती वाटती. ते बैल आता माझ्या डोक्यात बसले. उद्या विहीणबाईंना सलाम करताना मला बैल दिसणार... गप. गप गं. कुणीतरी येतंय. एकटीच बाई हाय.

आवडाबाई : सलाम. सांडू टांगेवाल्यांचं घर हेच का?

सांडू : सलाम, बाई. हेच. सवारी कुठं जायची?

आवडाबाई : कुठं नाही. मी आवडाबाई. शिमोनची आई. नवरीचं लुगडं माझ्या हातानं द्यावं म्हणून आले.

सांडू : अरे बाप... या! या ना, विहीणबाई! बसा, घोंगडी टाकतो. भागे, पाणी आण. ही आमची... ही सुवार्ताची आई.

आवडाबाई : दारात आले तर बैलाचं काहीतरी गाणं चाललं होतं.

सांडू : बैल? आमच्याकडं बैल नाय हो. एक घोडा, एक म्हैस, आन ते दाराशी बांधलेलं रेडकू.

आवडाबाई : बाईमाणसाचा आवाज होता.

सांडू : माझाच. सर्दीनं बारीक झालाय.

आवडाबाई : बरं. ह्या का बोलत नाहीत? सलामसुद्धा नुसता हातानं केला.

सांडू : तुमचीच अट ना, तोंड उघडायचं नाय.

आवडाबाई : ती लग्नात.

सांडू : आजपासून हात बसवतीय.

आवडाबाई : आणि तो हात असा का उडवतात?

सांडू : वारा घालतीय तुम्हाला. उकडतंय ना.

आवडाबाई : दात खातात.

सांडू : दाढ दुखती तिची.

आवडाबाई : आता माझ्याकडं बोट केलं. मग आभाळाकडं. मग स्वतःच्या गळ्याकडं.

सांडू : म्हणती, तुमच्यासारखी विहीण आभाळातल्या बापानं आमच्या गळ्यात... आमच्या पदरात घातली.

आवडाबाई : व्याहीबुवा, तुमचा टांगा चाऱ्यावर चालतो का गोड बोलण्यावर?

सांडू : चारा लई महाग झालाय, विहीणबाई.

आवडाबाई : आता पाय आपटला त्यांनी. हे मला कळलं, तुम्ही सांगू नका. अट का घातली, असं विचारतात. होय ना हो?

सांडू : मान हलवली तिनं. व्हय म्हणती.

आवडाबाई : म्हणजे ह्यांना खरंच ठाऊक नाही?

सांडू : तिला नाय ठाऊक.

आवडाबाई : आणि तुम्हाला?

सांडू : मला... लुगडं लई सुरेख हाय हो. पांढरंशुभ्र. मनमाडहून आणलं का?

आवडाबाई : भागूबाई, ऐका. सुवार्ता तुमच्या कडेवर होती तेव्हा गंगापूरला काकासाहेब मास्तरांचं लग्न झालं. तुम्ही नवरीकडून गायला आला होता. मी मास्तरांची मावसबहीण, म्हणजे नवऱ्याकडची. पंगतीत तुम्ही माझ्यावर दोन ओळी म्हणालात. मी म्हणून दाखवू?

सांडू : राहू द्या, विहीणबाई. जुनं झालं.

आवडाबाई : मला जुनं झालं नाही. "गंगापूरच्या आवडीनं भजन धरलं गं, गोठ्यामधलं रेडकू दावं तोडून पळालं गं."

भागूबाई : हे मी म्हणले?

सांडू : भागे, तोंड!

आवडाबाई : बोलू द्या. अट उद्यापासून आहे.

भागूबाई : हे मी म्हणले? अवं, हे मी म्हणले का? मला तर कायच आठवंना!

आवडाबाई : तुम्हाला कशाला आठवेल. तुम्ही म्हणालात, जेवलात, छकड्यात बसून घरी आलात. ते गाणं मात्र गंगापुरात राहिलं. पंगत हसली, तशी मीही हसले. थट्टा आहे, राग कशाचा? पण दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोरींनी म्हटलं. मग बाजारात. मी गल्लीतून निघाले की पोरं रेडकासारखी ओरडायची.

भागूबाई : पोरं काय, चार दिस वरडतात आन गप बसतात.

सांडू : तू गप बस.

आवडाबाई : देवळात भजनाला सुरुवात मी करत असे. लग्न होऊन आले तेव्हापासून. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळे माझ्याकडं बघायचे, मी तोंड उघडलं की मग बाकीचे. त्या रविवारी मी तोंड उघडलं आणि मागून कुणीतरी केलं, "रें..." सगळं देऊळ हसलं. पाळकसुद्धा हसले. तेव्हापासून मी गात नाही. ओठ हलवते फक्त. शेजारणीला वाटतं मी गातेय.

भागूबाई : इतकी वर्सं?

आवडाबाई : तेही चाललं असतं. पण माझी आई जायला टेकली, तेव्हा तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आवडे, ते दिव्याचं भजन म्हण की गं. लई दिवसांत ऐकलं नाय." मी तोंड उघडलं आणि मला ते रेडकू दिसलं. आवाज फुटेना. ती वाट बघत राहिली. वाट बघत बघत गेली.

भागूबाई : पाणी घ्या, विहीणबाई.

आवडाबाई : म्हणून अट. मला तुमचा राग येत नाही आता, भीती वाटते. शिमोन हटून बसला, मुलगी गुणी आहे, म्हणून होकार दिला. पण पंगतीत बसले असताना तुमच्या तोंडातून माझ्यावर पुन्हा काही आलं, तर मी ते सोसू शकणार नाही. एवढंच सांगायला आले. लुगडं काय, नानासाहेबांनीही दिलं असतं.

भागूबाई : विहीणबाई, आता आठवलं मला. एक सांगू? सांगितलं तर तुम्ही मला जोड्यानं माराल.

आवडाबाई : सांगा.

भागूबाई : मी तुमचं गाणं ऐकलंच नव्हतं.

आवडाबाई : काय?

भागूबाई : त्या दिवसापोत्तर मी तुम्हाला बघितलंबी नव्हतं! आमचं असं असतं, बघा. लग्नाला निघायच्या आधी घरीच गाणी जुळवून ठिवायची. ह्यांना इचारलं, नवऱ्याकडं कोण कोण बाया हायत? हे म्हणले, एक आवडाबाई हाय. मी म्हणले, ती काय करती? तर म्हणले, भजन म्हणती. बस. "भजन धरलं" एवढं झालं. आता "धरलं"ला जुळंल असं कायतरी पायजे ना? आन त्याच सकाळी आमचं रेडकू—

सांडू : माझ्या टांग्याखालून गेलं.

भागूबाई : दावं तोडून पळालं! आमचं रेडकू, विहीणबाई! आमच्या दारातलं! "धरलं", "पळालं". जुळलं, म्हणून टाकलं. तुमच्या आवाजाचा आन त्याचा कायबी संबंध नव्हता.

आवडाबाई : तुमचं रेडकू?

सांडू : मी धावलो त्याच्या मागं. लष्कराच्या छावणीपोत्तर. वऱ्हाड निघायची येळ, आन मी चिखलात उताणा. ते हुजूरांच्या रिसाल्याच्या घोड्यांमधी जाऊन उभं ऱ्हायलं. शिपाई म्हणतो, "ये किस पलटन का है?"

आवडाबाई : म्हणजे मी... इतकी वर्षं... पडेगावच्या रेडकापायी...

सांडू : विहीणबाई? अगं भागे, बघ त्यांना काय झालं. पाणी दे!

भागूबाई : अवं, त्या हसतात.

आवडाबाई : पलटन... कुठल्या पलटणीचं... अगं बाई, माझ्या पोटात कळ आली. मी रात्ररात्र विचार करायची, माझा आवाज खरंच इतका वाईट आहे का. विहिरीत तोंड घालून म्हणून बघितलं एकदा, आपलं आपल्याला ऐकू येतं का. आणि ह्यांनी ऐकलंच नव्हतं!

भागूबाई : हसा, हसा. नायतर एक मुस्काटात ठिवून द्या. मी उभी हाय.

आवडाबाई : हसू येतंय, भागूबाई. पण आई काही परत यायची नाही.

भागूबाई : नाय. नाय यायची. विहीणबाई, मी चुकले. शिवी दिली असती तर शिवी म्हणून तुम्ही झटकली असती. मी गाणं करून दिलं, ते लोकांनी जपून ठिवलं. मी जुळणी केली आन तुमचं गाणं बंद पाडलं. मला ठाऊकबी नव्हतं, हे तर लईच वाईट. पाय धरू का? धरते.

आवडाबाई : उठा. विहिणीनं विहिणीचे पाय धरायचे नसतात. व्याहीबुवा, उठवा ह्यांना.

सांडू : ती वजनदार हाय. आपण दोघं मिळून उठवू.

भागूबाई : हात लावू नका मला! तुम्हाला सगळं ठाऊक व्हतं ना? अट आली तवाच कळलं व्हतं ना? मला का नाय सांगितलं?

सांडू : सांगितलं असतं तर तू त्याच पावली माफी मागाया गंगापूरला गेली असतीस.

भागूबाई : मंग?

सांडू : आन तिथं दुसऱ्या चौघींवर गाणी करून आली असतीस.

आवडाबाई : हे मात्र खरं वाटतं मला.

भागूबाई : हालेलू... नाय. नाय म्हणत. विहीणबाई, माझ्या मनात एक आलंय. उद्या मला एकदाच तोंड उघडू द्या. पंगतीत उभी ऱ्हाते आन सगळ्या वऱ्हाडापुढं म्हणते, "पडेगावच्या भागीनं तोंड उघडलं गं, तिचंच रेडकू तिला बघून दावं तोडून पळालं गं!" म्हंजे पार गंगापूरपोत्तर माझं रेडकू माझ्याच गळ्यात पडंल. पोरांना वरडायचं तर माझ्या नावानं वरडू द्या.

आवडाबाई : चांगलं जुळवलंत.

भागूबाई : आता सुचलं!

आवडाबाई : पण नको. गाणं पुन्हा निघालं की रेडकू पुन्हा निघेल. लोक तुमचं नाव घेतील, आठवण माझी काढतील. तुम्ही गप्प राहिलात तर मला जास्त बरं वाटेल.

भागूबाई : मंग गप. मनापासून गप. आतापोत्तर अट म्हणून दात खात व्हते, तुम्ही बघितलंत. उद्या दात न खाता गप बसंन. उद्याच काय, त्यानंतरबी विहिणीवर गाणं म्हणायचं झालं तर आधी त्या बाईला भेटंन, तिला कुठं दुखतं ते बघंन. मंग जुळवंन.

सांडू : हे लई झालं. तुझ्यानं व्हईल तेवढंच बोल.

भागूबाई : निदान रेडकू तरी घालणार नाय. पण विहीणबाई, मला एक द्याल?

आवडाबाई : काय?

भागूबाई : ते दिव्याचं भजन. मला ऐकवा. ऐकल्याबिगर मी नावं ठिवली. आता ऐकते.

आवडाबाई : इथं? आता? नाही हो. आवाज राहिलाच नाही. गंजून गेला.

भागूबाई : जसा असंल तसा.

आवडाबाई : लोक जमतील.

भागूबाई : कोण जमतंय? सगळी माणसं छावणीतल्या देवळापुढं मांडवाला लागलीत. सुवार्ताबी जैतुनबीकडं मेंदी लावाया गेलीय. इथं आम्ही दोघं, घोडा, म्हैस... बस, एवढंच.

आवडाबाई : आणि तुम्ही हसलात तर?

भागूबाई : हसले तर उठवा वऱ्हाड. आत्ताच्या आत्ता. आवडाबाई, पोरीचं लग्न तुमच्या हातात देते. आता म्हणा.

सांडू : भागे, असला सौदा करू नको!

भागूबाई : तुम्ही ढोलकी घ्या. हळू धरा. त्यांच्या आवाजावर चढू नका.

आवडाबाई : एकटीनं सुरुवात करायची सवयच गेली.

भागूबाई : हात द्या इकडं. मी धरते.

(आवडाबाई डोळे मिटते. पहिल्या ओळीला नुसती हवा येते. दुसऱ्यांदा आवाज फुटतो : मोठा, खरखरीत, सूर सोडून भलतीकडे निघालेला. कोंबड्या अंगणातून उडतात.)

आवडाबाई : दिवा लाविते दारात, प्रभू येईल घरात, भाकर ठेविली ताटात, जागा ठेविली उरात...

सांडू : भागे.

भागूबाई : शू.

सांडू : भागे, दाराकडं बघ.

भागूबाई : नाय बघत.

आवडाबाई : काय झालं? बाहेर काहीतरी तुटल्यासारखं वाजलं.

भागूबाई : कायबी नाय, विहीणबाई. डोळे उघडू नका. तुम्ही म्हणा.

आवडाबाई : वाईट लागतंय का?

भागूबाई : तुमच्या आईनं हे ऐकायची वाट बघितली, ते मला आता कळलं. थांबू नका. म्हणा.

आवडाबाई : दिवा लाविते दारात...

सांडू : (हळूच) दावं तुटलं गं. रेडकू गेलं. शेपटी वर करून जैतुनबीच्या अंगणातून पार छावणीकडं गेलं. तू पदर तोंडात का कोंबलास? हसतीस का रडतीस?

भागूबाई : मलाच कळंना. मला धरून ठिवा.

सांडू : असं जुळून आलेलं पुन्हा आयुष्यात घावायचं नाय तुला.

भागूबाई : ठाऊक हाय मला. हालेलूया.

सांडू : आता ह्या हालेलूयाचा अर्थ काय धरायचा मी?

भागूबाई : हाय तोच. ढोलकी वाजवा, दुसरं कडवं आलं.